आपल्या दोघांचं बी. कॉम.

अप्पा, मी परत शिकायला जायला लागले आहे. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, पुस्तक कोणतं लावलंय. पुस्तक नाही, यंत्र आहे. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर यायचे आहेत आणि ते यायच्या आधी आमची भीती मोडावी म्हणून नोकरदारांसाठी संध्याकाळचा एक कोर्स निघालाय. थोडं व्यवस्थापन, थोडं कॉम्प्युटर, वर विद्यापीठाचा शिक्का. इथंच, गुलबर्ग्यात. वरून आदेश आला तेव्हा हाताखालच्या मंडळींनी कुणी लग्नाचं, कुणी आजारपणाचं कारण दिलं. मला द्यायला कारणच नव्हतं. त्या खोलीत धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढाव्या लागतात, देवळात शिरल्यासारखं. शिकवणारा माझ्या निम्म्या वयाचा आहे. मला मॅडम म्हणतो आणि माझी चूक झाली की स्वतःच दुरुस्त करून मोकळा होतो, त्यामुळे मला काही कळतच नाही. काल मात्र एक गोष्ट जमली. मी पगाराचा तक्ता मांडला, त्यातला एक आकडा बदलला आणि खालची बेरीज आपोआप बदलली. मी पुन्हा पुन्हा बदलून पाहिलं. मग चपला घातल्या, घरी आले, कुलूप काढलं आणि लक्षात आलं की हे सांगायला कुणी नाही. शेजारच्या बाईंना सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे आता बेरीज करायचा तरास न्हाई म्हणा की तुम्हाला. बरं झालं." म्हणून तुम्हाला लिहायला बसले. बेरीज आपोआप होते हे तुम्हाला मुळीच आवडलं नसतं.

माझं बोलणं बंद झालं होतं त्या वर्षापासून सुरू करते, कारण तुम्ही होता तोवर त्या वर्षाबद्दल आपण एकमेकांशी चकार शब्द काढला नाही. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती, कावीळ अंगावर काढली आणि हे गेले. बीदरच्या ज्या सरकारी ऑफिसात ते कारकून होते तिथंच मला टायपिस्ट म्हणून घेतलं. ज्या दारातून त्यांचा डबा जायचा त्याच दारातून माझा डबा जायला लागला. आई त्याआधीच गेलेली. तुम्ही औरादच्या तालुका कचेरीतून खटपट करून बीदरला बदली मागून घेतलीत आणि आपण लाल दगडाच्या त्या दोन खोल्यांत राहायला लागलो. दिवसाचं मला काही वाटायचं नाही. टाइपरायटरचा आवाज इतका की शेजारचा माणूस गप्प आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. संध्याकाळ मात्र अंगावर यायची. गल्लीतल्या बायका तोंडं धुऊन ओट्यावर बसायच्या, चैत्रात आणि संक्रांतीला एकमेकींकडे हळदीकुंकवाला निघायच्या, आणि आपल्या दारापुढून जाताना आवाज बारीक करायच्या. वाईट नव्हत्या हो त्या. मला बोलवायचं नाही, आणि बोलवत नाही हे मला ऐकू जाऊ नये, एवढीच त्यांची धडपड. मी आत चुलीपुढं बसून त्यांचं ते बारीक बोलणं ऐकत असायचे.

एक दिवस तुम्ही कचेरीतून आलात ते टोपी न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. म्हैसूर राज्याचं नुकतंच कर्नाटक झालं होतं. तुमच्या काखेत दोन जाडजूड पाकिटं होती.

"काय आणलंत?" असं मी विचारलं असावं, कारण तुम्ही लगेच खुललात.

"डिग्री. आता टपालानं येत्याय. म्हैसूरहून पाठ पाठवतेत, आपण घरी बसून लिहायचं, परीक्षेला तेवढं गुलबर्ग्याला जायचं. बी. कॉम."

"कुणाला करायचंय?"

"मलाच की. डिग्री न्हाई म्हून मला वर सरकू देईनात. पण सगळं इंग्लिशमधी हाय बघ. मी पडलो उर्दूचा माणूस. तू संगं बसलीस तर जमंल. दोघांचेबी अर्ज आणलेत."

अप्पा, मी टायपिस्ट असले तरी मला वजाबाकी येत होती. पंचावन्नाला सरकार घरी पाठवत असे आणि तुम्हाला चोपन्नावं लागलं होतं. कोर्स तीन वर्षांचा. तुमच्या हातात डिग्री पडेपर्यंत तुमच्या खुर्चीत दुसराच कुणीतरी बसलेला असणार होता. हे मला कळलं आणि मला कळलं हे तुम्हालाही कळलं, कारण तुम्ही टोपी काढून तिच्यावरची नसलेली धूळ झटकायला लागलात. मी हात पुसले आणि जिथं तुम्ही बोट ठेवलंत तिथं सही केली.

तुमचं शिक्षण म्हणजे एक अजब प्रकरण होतं. निजामाच्या वेळी हैदराबादला राहून इंटर झालात, गणित, इतिहास, सगळं उर्दूतून. मग राज्यं इकडची तिकडं झाली, औराद म्हैसूर राज्यात गेलं आणि चाळिशीच्या आसपास तुम्हाला बाराखडीपासून कन्नड शिकून खात्याची परीक्षा द्यावी लागली. तुमच्या हातच्या कन्नड टिपणीला साहेबलोक हसायचे असं तुम्हीच सांगायचात. "घरात मराठी, कचेरीत कन्नड, हिशेब उर्दूत, अन् आता डिग्री इंग्लिशमधी. मी रडू तर कोणत्या भाषेत रडू सांग." हे तुम्ही पहिला पाठ उघडल्यावर म्हणालात आणि मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी मला माझाच आवाज ऐकू आला. तुम्ही वर बघितलं नाहीत, पान उलटलंत.

सुताराकडून तुम्ही एक टेबल करून आणलंत, शेजारी शेजारी दोघांना बसता येईल एवढं लांब. ते पहिल्या खोलीत ठेवल्यावर चालायला जागा उरली नाही. पोस्टमन दोन पाकिटं आणायचा, एक तुमच्या नावाचं, एक माझ्या. आतले पाठ अगदी सारखे, सायक्लोस्टाइल केलेले, मधल्या ओळी पुसट. एकावर दोघांचं सहज भागलं असतं, पण तुम्ही तुमचं पाकीट स्वतः फोडायचात. ऑफिस सुटलं की चहा, आणि चहा झाला की टेबल. मी इंग्रजी वाक्य वाचायचे, त्याचं मराठी सांगायचे, तुम्ही ते तोंडातल्या तोंडात उर्दूत घोळवायचात आणि कचेरीतलं उदाहरण जोडून परत माझ्याकडे द्यायचात. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली किती माणसं असावीत यावर एक सबंध पाठ होता. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "रागात आल्यावर जेवढ्यांची नावं धड आठवतेत, तेवढी." मी ते उत्तरात लिहू नका म्हणून किती विनवलं. तुम्ही लिहिलंतच, आणि म्हैसूरच्या कुणा भल्या माणसाने त्यापुढं लाल शाईने बरोबरची खूण केली. शनिवारी सकाळी बीदरच्या हवाई तळावरची शिकाऊ विमानं घरावरून घरघरत जायची. तेवढा वेळ तुम्ही ओळीवर बोट ठेवून थांबून राहायचात, आणि मीही माझ्या ओळीवर बोट ठेवून थांबायचे. अप्पा, इतकं सुख मला नंतर कशात वाटलं नाही.

इंग्रजी माझ्याकडे होतं, पण हिशेब तुमच्याकडे. जमाखर्चाचे धडे तुम्हीच मला शिकवलेत, आणि असे शिकवलेत की आजही कुणाचं खातं चुकलं तर मला ते आकडे बघण्याआधी जाणवतं. तुमची अडचण एकच, बाजूंची. उर्दूचं पान उजवीकडून सुरू होतं. जमा आधी, म्हणजे उजव्या हाताला, खर्च नंतर, म्हणजे डाव्या. इंग्रजी रोकडवहीत नेमकं उलट, आलेला पैसा डावीकडे आणि गेलेला उजवीकडे. तुमचा हात कोऱ्या पानावर टेकला की तो आपोआप उजवीकडे जायचा. बेरीज जुळलेली, मांडणी सुबक, आणि सगळं आरशात बघितल्यासारखं. मी रागवायचे. मग तुम्हीच एक तोड काढलीत. "घड्याळाच्या हाताला जमा," म्हणालात. घड्याळ तुमच्या डाव्या मनगटावर असायचं. प्रत्येक खातं सुरू करताना तुम्ही त्या घड्याळाकडे बघायचात, हळूच, वेळ बघितल्यासारखं करून, आणि डावीकडे जमा लिहायला लागायचात. दोन वर्षं तुम्ही घड्याळाच्या जोरावर पास झालात.

उन्हाळ्यात गुलबर्ग्याला नोकरदारांसाठी वर्ग भरायचे. बँकेतले कारकून, एसटी डेपोतले, एक कंपाउंडर, हवाई दलातले दोघंतिघं. बायकांत मी एकटी. पहिल्या दिवशी तुम्ही कोट घालून दारातून आत आलात आणि सगळा वर्ग उभा राहिला. त्यांना वाटलं प्राध्यापक आले. तुम्ही बावरून मागं बघितलंत, कुणी मोठं आलंय का म्हणून. मग कळलं तेव्हा हात जोडून, "बसा, बसा, मीबी तुमच्यातलाच," म्हणत शेवटच्या बाकावर जाऊन बसलात. खरा प्राध्यापक आला तो ओठावर नुकती मिशी फुटलेला. त्याने तुम्हाला प्रश्न विचारताना इतक्यांदा सर म्हटलं की शेवटी प्रश्न काय होता तेच तो विसरला. दुपारी त्या सगळ्यांनी आपल्याला आपापल्या डब्यातलं दिलं. मी कोण, एकटी कशी, कपाळ मोकळं का, असं कुणी विचारलं नाही. तिथं मी फक्त रोल नंबर होते. तुमचा रोल नंबर माझ्या आधीचा होता.

त्या वर्गाला जाण्याआधी तुम्ही मला एक साडी आणली होतीत, गर्द निळी. तोवर मी राखी किंवा फिकट बदामी सोडून काही नेसले नव्हते, आणि कुणी तसं सांगितलंही नव्हतं, मी आपली नेसत होते. पुडकं टेबलावर ठेवून तुम्ही म्हणालात, "लिहिताना शाई सांडत्याय. ह्याच्यावर दिसायची न्हाई." एवढंच. मी ती नेसून बाहेर आले तेव्हा तुम्ही चपलेचा पट्टा लावत बसला होतात, तो पट्टा काही तुम्हाला लागेना.

दुसऱ्या वर्षात तुम्ही रिटायर झालात. हार, श्रीफळ, भाषणं झाली. संध्याकाळी मी चहा केला आणि वाट बघत राहिले, आता काय म्हणता म्हणून. बढतीचं कारण तर संपलं होतं. तुम्ही कोट खुंटीला लावलात, टेबलाशी बसलात आणि म्हणालात, "डिग्रीनं पेन्शनबी वाढत्याय म्हणतेत." मी म्हटलं, "हो का?" तुम्ही म्हणालात, "व्हय, म्हणतेत तर." आणि आपण पाठ उघडला.

तुम्ही मला एकदाच रागावलात, आणि ते त्याच वर्षी. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, पदवी झाली की हिशेब विभागात वरची जागा मिळेल, तयारी आहे ना. मी नको म्हणून आले. घरी मी काही बोलले नाही, पण बीदर केवढं, तुमच्यापर्यंत बातमी माझ्या आधी पोचली.

"बढती नको म्हणलीस म्हणं."

"बढती म्हणजे बदली, अप्पा. बेंगळूरला टाकतात."

"मग टाकू दे की."

"आणि तुम्ही?"

"मी काय जन्माला पुरणार हाय व्हय तुला?" तुमचा आवाज इतका चढला की समोरच्या ओट्यावरचं बोलणं थांबलं. "मी गेल्यावर काय करणार हायस? हितं दाराआड बसून लोकांची पावलं ऐकणार हायस? कामून शिकायलाव मग आपण? माझ्या पेन्शनीसाठी?"

म्हणजे तुम्हीच ते बोलून टाकलंत. दोघांनी जपून ठेवलेलं नाटक तुमच्याच तोंडून मोडलं. मी रडायला लागले. तुम्ही बराच वेळ टेबलाची कड पुसत राहिलात आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणालात, "काढ. कॉस्टिंगचा पाठ काढ." दुसऱ्या दिवशी मी साहेबांना जाऊन सांगितलं की तयारी आहे. पण त्या दिवसापासून मला टेबलावरचा प्रत्येक पाठ वेगळा दिसायला लागला. एकेक पाठ संपत होता आणि शेवटी काय आहे ते स्पष्ट होतं. मी बेंगळूरला आणि तुम्ही बीदरला. तुमच्याइतक्या हौसेने मला तिकडं ढकलणारं कुणी नव्हतं, आणि तुमच्याइतकं माझ्या जाण्याने एकटं पडणारंही कुणी नव्हतं.

शेवटच्या परीक्षेला आपण हुमनाबादवरून बसने गेलो. गुलबर्ग्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे, मे महिन्यात सकाळीच डोळे उघडवत नाहीत. एका शाळेत केंद्र होतं, बाकं लहान मुलांची. तुम्ही माझ्या पुढच्या बाकावर गुडघे आखडून बसला होतात. हिशेबाचा पेपर शेवटचा. तुम्ही बाकीचे पेपर हसत दिले होते, आणि हा तर तुमच्या हातचा मळ. बाहेर आल्यावर तुम्ही मला शाळेसमोरच्या टपरीवर नेलंत, दोन चहा सांगितलेत आणि प्रश्नपत्रिका मांडीवर पसरलीत. "पहिलं गणित तर मजेदार होतं," म्हणालात. "जमा बघ, हितं..." आणि चहाचा पेला उचलून तुम्ही बाकड्यावर ठेवलात, उजव्या हाताला. तुमचा हात तिथंच राहिला. मला आधी कळलंच नाही. तुम्ही डावं मनगट वर केलंत. ते रिकामं होतं. वेळ दिसावी म्हणून तुम्ही घड्याळ काढून बाकावर उजवीकडे, दौतीशेजारी ठेवलं होतंत, आणि सगळा पेपर त्याच्याकडे बघून सोडवला होतात.

"घड्याळ उजवीकडं होतं गं," तुम्ही म्हणालात.

"सगळ्या खात्यांत?"

"सगळ्या. वर डेबिट-क्रेडिट बरोबर लिहिलंय. खाली समदं उलटं." मग तुम्ही पेला उचललात, एक घोट घेतलात आणि हसायला लागलात. "पण बेरीज जुळलीय हां. दोन्हीकडची. एक पैशाचा फरक न्हाई." मला हसता येईना. टपरीवाला आपल्याकडे बघत होता. तुम्ही त्यालाही ती गंमत कन्नडमध्ये सांगितलीत, त्याला काही कळली नाही, पण तुम्ही हसत होता म्हणून तोही हसला.

पुढं कधीतरी माझ्या मनात आलं होतं की हे तुम्ही मुद्दाम केलंत की काय. मी पुढं जावं आणि तुम्हाला अभ्यासाचं निमित्त उरावं म्हणून. पण नाही. तो रिकामा हात वर करतानाचा तुमचा चेहरा मी बघितला आहे. तुम्हाला खरंच ग्रॅज्युएट व्हायचं होतं, अप्पा. सुरुवात माझ्यासाठी केली असेल, पण मधे कुठंतरी तुमची स्वतःची हौस जागी झाली होती. त्या दिवशी तुम्ही बसमध्ये सबंध वेळ खिडकीबाहेर बघत आलात आणि हुमनाबादला भजी घेता का विचारलं तर नको म्हणालात. भजीला तुम्ही कधी नको म्हणत नव्हता.

निकाल पेपरात आला. तुम्ही वाचनालयात जाऊन बघून आलात आणि येताना पेढे घेऊन आलात. दारातूनच ओरडलात, "आला! तुझा नंबर आला!" आणि मग जरा खालच्या आवाजात, "माझा एक पेपर ऱ्हायला. ठरल्याप्रमाणं." मी टेबलावर डोकं ठेवून रडले. ओट्यावरच्या बायका पहिल्यांदा आपल्या घरात आल्या. त्यांना वाटलं, बापाचा नंबर आला नाही म्हणून पोर रडतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तुमच्या हातचा पेढा खाल्ला. तुम्हालाही तसंच वाटलं. "अगं मी दरसाल जाऊन बसीन की," तुम्ही मला समजावत होतात. "न्हाईतर मला काय काम हाय? तिथला चहाबी बरा हाय."

बदली आली. तुम्ही माझ्याबरोबर बेंगळूरला यायचं नाकारलंत, परीक्षेचा अभ्यास आहे म्हणालात. मी गेले. बायकांच्या वसतिगृहात एक खाट, एक खिडकी. ऑफिसात सगळे कन्नड किंवा इंग्रजी बोलायचे, दोन्ही मला येत होतं, तरी संध्याकाळी वाटायचं, दिवसभरात आपण कुणाशी बोललोच नाही. तुमची कार्डं यायची, मराठीत, मोठ्या अक्षरात. शंका विचारलेल्या असायच्या. घसारा कुठल्या बाजूला धरायचा, शिल्लक माल कसा दाखवायचा. अप्पा, हे सगळं तुम्हीच मला शिकवलं होतंत. मी सविस्तर उत्तरं लिहायचे, आकृत्या काढून, जसं काही तुम्हाला माहीतच नाही. तुम्हीही पुढच्या कार्डात लिहायचात, "आता समजलं." त्या थंडीत एका सकाळी ऑफिसात ट्रंककॉल आला. मी पोचेपर्यंत औरादचे चुलते माझ्यासाठी थांबले होते. झोपेतच गेलात म्हणाले, कुणाला त्रास नाही. जमलेल्यांपैकी एकजण हळहळला, "एवढा एक पेपर तेवढा ऱ्हाऊन गेला बघा." त्या माणसाचा मला इतका राग आला की आजही तो उतरलेला नाही.

मग वर्षं गेली. बढत्या झाल्या, तुम्ही म्हणाला होता तशाच. हाताखाली आज इतकी माणसं आहेत की रागात कुणाचंच नाव धड आठवत नाही. मी मागून घेतली म्हणून गुलबर्ग्याला बदली मिळाली. लोकांना वाटतं गाव जवळ म्हणून मागितली असेल. औरादला माझं आता कोण आहे? पण तुम्ही आणि मी जिथं बरोबर शिकलो अशी दोनच गावं, त्यातलं बीदरचं घर घरमालकाने पाडलं. माझी तक्रार नाही. तुम्ही मला दाराआडून उठवलंत आणि मी उठले, कुणाच्या पावलांच्या आवाजाची मला भीती वाटत नाही. फक्त संध्याकाळी वर्गातून आल्यावर कुलूप काढताना, शिकलेलं सांगायला कुणी नसतं, आणि ते मात्र अजून जड जातं. शिकणं म्हणजे कुणाला तरी सांगणं असंच माझ्या डोक्यात बसलंय, त्याला मी काय करू.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा हेही लिहून टाकते. त्या दिवशी शाळेतल्या त्या बाकावर शेवटचा प्रश्न मला येत होता. पुरता येत होता. मी तो सोडला. पेन खाली ठेवलं आणि उरलेला वेळ तुमच्या पाठीकडे बघत बसले. माझा नंबर येऊ नये, बदली होऊ नये, आणि पुढच्या वर्षी म्हैसूरहून माझं तरी पाकीट पुन्हा यावं, एवढंच मला हवं होतं. निकालाच्या दिवशी मी माझा नंबर आला म्हणून रडत होते. बाकीचं सगळं तुम्ही इतकं पक्कं करून घेतलं होतंत, अप्पा, की तेवढ्यावरच मी पास झाले.